पुतळाचे चूलबंद आवतण

माणदेशात दोन उघड्याबोडक्या टेकड्यांच्या मधोमध वाकसरी नावाचे एक लहानसे गाव होते. एके वर्षी मार्गशीर्षातल्या थंडीत श्रीनिवांतनाथ महाराजांची पावले या गावाला लागली. महाराज आले होते तीन दिवसांसाठी आणि राहिले तीन महिने, कारण घाई म्हणून काही असते हे त्यांना ठाऊकच नव्हते. कोणी रडत आले, "महाराज, आमची म्हैस हरवली," तर महाराज म्हणत, "येईल की." म्हैस येई. तोच माणूस पुन्हा येई, "महाराज, म्हैस आली, पण दूध देत नाही." महाराज म्हणत, "देईल की." आणि म्हैस दूध देई! महाराजांचा शब्द कधी खाली पडला नाही. तो खरा व्हायला मात्र कधी दोन दिवस लागत, कधी दहा, आणि तोवर ज्याची म्हैस त्याच्या जिवाला घोर लागे.

महाराजांचा मुक्काम व्यंकटराव मोकाशी यांच्या ओसरीवर होता. व्यंकटराव हे गावातले बडे गृहस्थ. सारा गाव त्यांना अण्णासाहेब म्हणे. मनाने ते दुष्ट नव्हते, पण आपल्यासारखे अन्नदान पंचक्रोशीत कोणी करत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. दर चंपाषष्ठीला ते गावाला बुंदीचे जेवण घालत आणि बुंदी स्वतःच्या हाताने वाढत. तिथेच सगळी अडचण होती. त्यांचा हात असा काही आखडता होता की त्यांच्या पळीला गावातले लोक मागून ‘कानकोरणं’ म्हणत. पानात इतकी कमी बुंदी पडे की पोरे ती ओळीने मांडून ठेवत. शिवाय वाढून झाले की अण्णासाहेब पानासमोरून हलत नसत. "कशी झालीये बुंदी?" असे विचारत, आणि "झकास झालीये, अण्णासाहेब!" असे ऐकल्यावरच पुढच्या पानाकडे सरकत.

अशा या गावात, ओढ्याच्या पलीकडे, शेवटच्या घरात पुतळा राहत असे. पुतळा दहा वर्षांची. तिचे वडील बिरू सणगर घोंगड्या विणत. दोन वर्षांपूर्वी पुतळाची आई तापाने गेली, आणि त्या दिवसापासून बिरूचे बोलणेच आटले. आधीच तो लाजरा, त्यात घरात बोलणारे माणूस गेले. दारात कोणाच्या वहाणा वाजल्या की तो आपल्या हातमागाच्या खड्ड्यात उतरून बसे. घोंगडी घ्यायला येणाऱ्या माणसाला बिरूचे फक्त मुंडासे दिसे, आणि त्या मुंडाशाशीच बोलून व्यवहार उरकावा लागे. मुंडासे हलले की ‘हो’, नाही हलले की ‘नाही’.

पुतळाची आई होती तेव्हा त्या घराची तऱ्हा वेगळी होती. ओढ्यावरून जाणारा कोणीही माणूस तिच्या हाकेतून सुटत नसे. "आवं, घासभर खाऊन जावा की!" असे म्हणून ती वाटसरूंना बळेच बसवून घेई. आता दोन वर्षे झाली, त्या घरात परक्या माणसाने पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. पुतळा रोज सारवलेल्या अंगणाकडे बघे आणि तिला वाटे, एकदा, फक्त एकदा, आपल्या घरी कोणीतरी जेवायला यावे.

रोज संध्याकाळी महाराजांपुढे भजन होई. पुतळा सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून बसे. एके दिवशी भजन संपल्यावर ती उठली आणि माणसांतून वाट काढत थेट महाराजांपुढे येऊन उभी राहिली.

"म्हाराज," ती म्हणाली, "आमच्या घरी जेवायला याल का?"

ओसरीवरच्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. महाराज गेले तीन आठवडे मोकाशींच्या घरचे जेवत होते. त्यांना जेवायला बोलावण्याचे धाडस गावात कोणीच केले नव्हते.

व्यंकटराव मोठ्याने हसले. "अगं, कोणाला बोलावतेस? काय घालशील महाराजांना जेवायला?"

"माडगं."

"कसलं माडगं?"

"हुलग्याचं. गूळ घालून."

हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, पीठ पाण्यात कालवून शिजवले की त्याची पातळ पेज होते, तिला माडगे म्हणतात. थंडीत ते गरिबाच्या पोटाला मोठी ऊब देते. पण व्यंकटरावांना हसण्याला निमित्तच हवे होते.

"हुलगे!" ते सर्वांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत का, मंडळी? आमच्याकडे हुलगे घोडा खातो, घोडा!"

ओसरीवर हशा पिकला. पुतळाची मान खाली गेली. महाराजांनी मात्र शांतपणे विचारले, "व्यंकटराव, तुमचा घोडा कसा आहे तब्येतीने?"

"उत्तम!" व्यंकटराव छाती फुगवून म्हणाले. "परगण्यात असा घोडा नाही, महाराज! एका दमात टेकडी चढतो."

"मग मलाही हुलगे सोसतील," महाराज म्हणाले. "पोरी, गुरुवारी दुपारी येतो."

आता हशाचा रोख व्यंकटरावांकडे वळला. कोणी तोंडाला उपरणे लावले, कोणी खोकला काढला. पुतळा वाऱ्यासारखी घराकडे पळाली. व्यंकटरावांना मात्र ते हसू फार झोंबले. आपल्या ओसरीवरचे महाराज, आपल्या घरची तूपपोळी सोडून, ओढ्यापलीकडे माडगे प्यायला जाणार! रात्रभर त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांनी येसाजीला बोलावणे पाठवले.

येसाजी हा गावचा दवंडीवाला. आवाज असा की टेकडीवरची मेंढरे माना वर करत. कान मात्र म्हातारपणी जड झाले होते.

व्यंकटराव त्याला म्हणाले, "येसाजी, दवंडी दे. गुरुवारी दुपारी बिरू सणगराच्या घरी महाराजांचा प्रसाद आहे. सगळ्या गावाला चूलबंद आवतण!"

चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवणाचे बोलावणे, लहानथोर कोणी सुटायचे नाही. त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटवायची नसते.

येसाजीने डोळे मोठे केले. "बिरूच्या घरी? समद्या गावाला?"

"समद्या गावाला! पोरीनं आवतण दिलंय. पाहू दे गावाला, कशी काय वाढते ती."

येसाजीच्या कानात ‘समद्या गावाला’ एवढेच घुमत राहिले आणि तो कामाला लागला. त्या दिवशी ऊन कोवळे होते, हवा गार होती, चालायला मजा येत होती. त्यामुळे गाव संपले तरी येसाजी थांबला नाही. तो वरच्या वाडीला गेला, खालच्या वाडीला गेला. वाटेत माळावर नंदीबैलवाल्यांची पाले उतरली होती, त्यांनाही त्याने आवतण दिले. एक वाटसरू दुसऱ्या गावचा निघाला, त्याला त्याने परत फिरवले. फक्त एका घरी तो गेला नाही. ज्यांच्या घरी जेवण आहे त्यांना आवतण कशाला द्यायचे, असा विचार करून तो ओढ्याच्या अलीकडूनच मागे वळला.

गुरुवारी पुतळा पहाटे उठली. तिने अंगण सारवले, रांगोळी काढली, आणि आईच्या मातीच्या मडक्यात माडगे शिजवायला ठेवले. मडके ते केवढे, तिघांना पुरेल एवढे. गुळाचा खडा घातल्यावर असा वास सुटला की मागाच्या खड्ड्यातून बिरूचे मुंडासे दोनदा वर आले.

"बाबा," पुतळा म्हणाली, "म्हाराज आलं की तुमी भाईर बसायचं. खड्ड्यात न्हाई."

मुंडासे हलले नाही.

"बाबा!"

मुंडासे जरासे हलले.

दुपार झाली आणि महाराज आले. त्यांनी ओढ्याच्या पाण्यात पाय धुतले, घोंगडीवर बसले आणि समाधानाने म्हणाले, "वास तर छान येतोय." पुतळाला आभाळ ठेंगणे झाले. तिने वाडगा घासून आणला. ती मडक्यावरचे झाकण काढणार, एवढ्यात ओढ्याकडून गलका ऐकू आला.

पुतळाने बाहेर पाहिले आणि तिच्या हातातला वाडगा खाली पडला.

ओढ्यातून सारे गाव चालत येत होते. बायका, पुरुष, कडेवरची पोरे, काठी टेकणारे म्हातारे. प्रत्येकाच्या हातात वाडगा, तांब्या, परात, जे सापडेल ते. त्यांच्या मागे वरची वाडी. तिच्या मागे खालची वाडी. आणि सगळ्यांत शेवटी, पाठीवर कवड्यांची झूल मिरवत, गुबूगुबू वाजणाऱ्या ढोलकीच्या तालावर मान डोलवत येणारा एक भला थोरला नंदीबैल!

"काय गं पुतळा," पुढची बाई हसत म्हणाली, "चूलबंद आवतण दिलंस! आमी सकाळपासनं उपाशी हाव बघ."

पुतळाला आधी काही कळेचना. मग येसाजीने मोठ्या अभिमानाने सांगितले, "पोरी, तुझं आवतण म्या पार माळापातुर पोचवलं! एक घर सोडलं न्हाई!" कोणाच्याच घरी चूल पेटलेली नव्हती. कडेवरची पोरे भुकेने किरकिरत होती. आणि कुंपणाशी, बाभळीच्या सावलीत, व्यंकटराव मोकाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या मिशीखाली हसू मावत नव्हते.

पुतळा धावत आत आली. बिरू मागाच्या खड्ड्यात इतका खोल जाऊन बसला होता की आता मुंडासेही दिसत नव्हते. ती महाराजांपुढे बसली आणि रडू लागली.

"म्हाराज, मी न्हाई बोलावलं कुणाला! कुणीतरी खोटंच सांगितलं. माडगं एवढंच हाय. आता समदी आईला नावं ठेवतील. म्हनतील, तिच्या घरातनं मानसं उपाशी गेली."

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दारात आलेत ना? मग पाहुणेच. तुला कोणीतरी घरी यावं असं वाटत होतं की नाही?"

"येक जन, म्हाराज!" पुतळा हुंदके देत म्हणाली. "ही समदी न्हाई!"

महाराजांना हसू फुटले. "देवाला मोजता येत नाही बाळ, तो असाच देतो. डोळे पूस. पुरेल की."

मग ते बाहेर आले आणि त्यांनी हाक मारली, "व्यंकटराव! या इकडे. पोर लहान आहे, एवढ्या पंगतीला वाढणं तिला झेपायचं नाही. गावात वाढण्याची सवय तुम्हालाच. घ्या ही पळी."

व्यंकटरावांना तर हेच हवे होते. ते मनात म्हणाले, ‘पाच वाडग्यांत मडकं पालथं करतो की नाही बघा!’ त्यांनी उपरणे कमरेला गुंडाळले, मडके अंगणात आणवले आणि आयुष्यात पहिल्यांदाच पळी काठोकाठ भरली.

"घ्या, घ्या! लाजू नका!" ते ओरडले आणि पहिला वाडगा इतका भरला की माडगे त्या माणसाच्या अंगठ्यावर सांडले.

तो माणूस वाडग्याकडे बघतच राहिला. त्याने शेजाऱ्याला विचारले, "अण्णासाहेबास्नी बरं न्हाई का रं?"

दुसरा वाडगा. तिसरा. चौथ्याला तर त्यांनी दोन पळ्या वाढल्या. पाचवा वाडगा भरून त्यांनी मोठ्या आशेने मडक्यात डोकावून पाहिले. मडके काठोकाठ भरलेले होते, वर वाफ येत होती.

व्यंकटरावांनी डोळे चोळले. ‘ऊन लागलं असेल,’ ते मनाशी म्हणाले. त्यांनी आणखी दहा जणांना वाढले. मडके भरलेले. वीस जणांना वाढले. मडके भरलेले! आता ते इरेला पेटले.

"वाडगे काय आणता, चिमणीला दाणे घालायचेत का?" ते गरजले. "घागर आणा! परात आणा!"

लोकांनी घागरी आणल्या, पराती आणल्या. व्यंकटराव दोन्ही हातांनी पळी चालवत होते, घामाने निथळत होते, आणि जितके जास्त वाढावे तितके माडगे वर येत होते. नंदीवाला लाजत लाजत पुढे आला. "मालक, आमच्या नंदीला बी थोडं..."

"थोडं? बादली आणा!"

नंदीबैलाने बादलीभर माडगे एका दमात संपवले. नंदीवाल्याने सवयीने विचारले, "सांग नंदीबाबा, माडगं ग्वाड हाय का?" आणि नंदीबैलाने अशी जोरात मान हलवली की तोंडाला लागलेले सगळे माडगे व्यंकटरावांच्या अंगरख्यावर उडाले. सारे गाव पोट धरून हसले. आश्चर्य असे, की व्यंकटरावांना रागवायलाही फुरसत नव्हती.

इकडे बायकांनी एकमेकींकडे पाहिले. पुतळाचे केवढेसे ते मडके, चुलीपाशी पडलेली तेवढीशी राख, सारे त्यांच्या ध्यानात आले. "आगं, पोरीच्या घरी नुसतं हात हलवीत कसं आलो आपण?" एक जण म्हणाली. मग कोणी घरी जाऊन कालच्या भाकरी आणल्या, कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी कांदे, कोणी लिंबाचे लोणचे. दोन वर्षे त्या अंगणात कोणी जेवायला टेकले नव्हते, आणि आता बसायला जागा पुरेना.

बसायला जागा पुरेना, म्हणूनच पुढची गोष्ट घडली. एक म्हातारे गृहस्थ थंड जमिनीवर बसताना कण्हले. तेव्हा मागाच्या खड्ड्यातून आधी मुंडासे वर आले, मग डोके, मग खांदे, आणि बिरू सणगर बाहेर आला. त्याने एक नवी घोंगडी उचलली आणि म्हाताऱ्यांच्या खाली पसरली. मग दुसरी आणली. मग तिसरी. विणून ठेवलेल्या सगळ्या घोंगड्या त्याने अंगणात अंथरल्या. शेवटी तो दारात उभा राहिला, दोनदा घसा खाकरला, आणि दोन वर्षांनी त्याच्या तोंडून गावाला ऐकू जाईल असा शब्द बाहेर पडला.

"सावकाश होऊ द्या," बिरू म्हणाला.

पुतळा भाकरी मोडता मोडता थांबली. हे वाक्य तिची आई म्हणायची. तिने पटकन तोंड फिरवले आणि चुलीतला धूर डोळ्यांत गेला असे सर्वांना सांगितले. चूल केव्हाच विझली होती.

आता पंगतीच्या टोकाला रखमाक्का बसली होती. वय झालेली, डोळ्यांनी अजिबात न दिसणारी. व्यंकटरावांनी तिचा वाडगा काठोकाठ भरला. रखमाक्काने बोट घालून पाहिले, वाडगा किती भरलाय ते. मग हात पुढे करून तिने वाढणाऱ्याचे मनगट चाचपले.

"कुनाचा रं ह्यो हात?" तिने विचारले. "लई मोठा हात हाय. गावातला न्हाई दिसत."

शेजारचे कोणीतरी फिसकन हसले.

"कुनी का असंना," रखमाक्का म्हणाली, "तुझी आई धन्य रं बाबा. असं प्वार पोटाला आलं. सुखी ऱ्हा."

व्यंकटरावांची पळी हवेतच राहिली. आजवर त्यांनी हजारो पाने वाढली होती. प्रत्येक पानाकडून ‘झकास झालीये, अण्णासाहेब’ हे वदवून घेतले होते. पण न मागता, न विचारता, त्यांना कोणी असा आशीर्वाद कधी दिला नव्हता. आणि जो दिला तोही ते कोण आहेत हे न कळल्यामुळे! त्यांना एकदम लाज वाटली, इतकी की कान तापले.

ते पुढच्या माणसाकडे वळले. अजून एक पूर्ण ओळ बसायची होती, खालच्या वाडीची माणसे, लांबून चालत आलेली, सगळ्यांत जास्त भुकेली. व्यंकटरावांनी मडक्याकडे पाहिले. ‘आता संपलं तर?’ मघापासून ज्या मडक्याचा तळ दिसावा म्हणून ते झटत होते, त्याचाच तळ दिसेल याची आता त्यांना भीती वाटू लागली.

‘देवा,’ ते मनात म्हणाले, ‘एवढी ओळ होऊ दे रे. माझ्यासाठी नको, पोरीची लाज राख.’

आजवर त्यांनी देवाकडे पुष्कळ काही मागितले होते. दुसऱ्यासाठी मागण्याची ही पहिलीच वेळ. ओठ हलत होते, पळी चालत होती. आता पळी सावकाश चालत होती, एक थेंबही बाहेर सांडत नव्हता. एकेक वाडगा भरला गेला. शेवटच्या ओळीतले शेवटचे लहान मूलही पोटभर प्यायले आणि तिथेच आईच्या मांडीवर झोपले.

"झाले सगळे!" येसाजी ओरडला. महाराजांचे जेवण तर कधीच झाले होते. त्यांनी वाडगा बोटाने निपटून खाल्ला होता आणि भिंतीला टेकून ते हा सारा सोहळा आनंदाने पाहत होते.

व्यंकटराव मटकन खाली बसले. दोन्ही दंड भरून आले होते. तेव्हा त्यांना आठवले, की आपल्याही घरी आज चूल पेटलेली नाही आणि आपणही सकाळपासून काही खाल्लेले नाही. समोर मडके होते. त्यांनी पळी घातली. पळी तळाला खणकन लागली. त्यांनी मडके वाकडे केले. आत थेंबही नव्हता. कोरडे ठणठणीत!

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. "महाराज," ते बारीक आवाजात म्हणाले, "नंदीबैलापर्यंत सगळ्यांना पुरलं. माझ्यापुरतंच संपलं?"

"पाहुण्यांना पुरलं," महाराज म्हणाले. "तुम्ही वाढपी. वाढप्याचं कोण बघणार, ते मला काय ठाऊक?"

एवढ्यात पुतळा आतून एक वाडगा घेऊन आली. माडगे शिजल्यावर, मडक्यावर झाकण ठेवायच्या आधीच, घरच्या माणसांचे म्हणून दोन वाडगे तिने बाजूला काढून ठेवले होते. एक वडिलांचा, तो बिरूने कोणा पोराला केव्हाच देऊन टाकला होता. दुसरा तिचा. माडगे गार होऊन वर साय धरली होती. तिने एक रिकामा वाडगा घेतला, अर्धे माडगे त्यात ओतले, दोन्ही वाडगे डोळ्यांसमोर धरून सारखे आहेत का ते पाहिले. मग जरा जास्त भरलेला वाडगा तिने व्यंकटरावांपुढे ठेवला.

"घ्या अण्णासाहेब. तुमी लई दमला."

व्यंकटरावांनी वाडग्याला हात लावला नाही. "पुतळा," ते म्हणाले, "ती दवंडी मी द्यायला लावली होती. तुझी फजिती व्हावी म्हणून."

येसाजीलासुद्धा ते ऐकू आले.

पुतळाने त्यांच्याकडे पाहिले. मग तिचा चेहरा उजळला.

"तुमी दिली व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं, अण्णासाहेब! मला एवढ्या समद्यांना कुठलं बोलावता आलं असतं? माजा आवाज ओढ्याच्या पल्याड जातच न्हाई."

मंडळी, मडके ज्याने भरले तो देव. त्याला काय कमी? पण पुतळाकडे एक वाडगा होता, आणि त्यातला अर्धा तिने दिला होता. हे व्यंकटरावांना तिथे, त्या क्षणी कळले. ते वाडगा तोंडाला लावून घटाघटा प्यायले. डोळ्यांतले पाणी माडग्यात पडत होते, मिशा माडग्याने माखल्या होत्या, आणि असे गोड काही आपण उभ्या जन्मात खाल्ले नाही, असे त्यांना वाटत होते.

रिकामा वाडगा खाली ठेवून ते उठले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"ज्या घरी जेवलात, त्या घराला नमस्कार करा," ते म्हणाले.

व्यंकटराव वळले. पुतळा आपला अर्धा वाडगा हातात धरून उभी होती, नुकताच पहिला घोट घेतलेला, ओठावर माडग्याची मिशी उमटलेली. पंचक्रोशीत ज्यांनी कोणापुढे मान वाकवली नव्हती ते व्यंकटराव मोकाशी सारवलेल्या अंगणात गुडघे टेकून बसले. त्यांनी डोईवरचे पागोटे काढून बाजूला ठेवले आणि दहा वर्षांच्या त्या पोरीपुढे कपाळ जमिनीला लावले. गावातले कोणीही हसले नाही.

घाबरून गेली ती पुतळाच. तिने महाराजांकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले. बिरू पुढे झाला. त्याने व्यंकटरावांना दोन्ही खांद्यांना धरून उठवले, त्यांच्या कपाळाची माती आपल्या मुंडाशाच्या शेवाने पुसली, आणि लाजत लाजत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला,

"अण्णासाहेब, उद्या बी या."